उचललेले प्रतिसाद

४ नोव्हेंबर

आज 'चार सुया' सुरू केलं. माझं स्वतःचं, हक्काचं. विणकाम करणाऱ्यांचा ऑनलाइन अड्डा. दोन रविवार घालवून मी एकटीने उभं केलं. त्या दोन्ही रविवारी स्वयंपाक नवऱ्याने केला हेही लिहून ठेवते, नाहीतर तो म्हणेल, कुठे उल्लेखसुद्धा नाही.

वेगळी चूल का मांडली, तर 'लोकरघर'च्या जाचाला कंटाळून. लोकरघर जुनं, मोठं, नावाजलेलं, सगळं कबूल. पण ते चालवणारे गृहस्थ म्हणजे हेडमास्तर. हे नाव मी ठेवलंय, मनातल्या मनात. मागे तिथे कुणीतरी गळ्याचे टाके कसे उचलायचे म्हणून विचारलं. मी मनापासून प्रतिसाद लिहिला, त्यात ओघाने माझ्या मावसबहिणीच्या स्वेटरची हकिकत आली, आणि तिच्या ओघाने तिच्या नवऱ्याची. हेडमास्तरांनी सगळा प्रतिसाद उडवला आणि खाली एकच शब्द लिहिला, 'अवांतर.' आता मला सांगा, विणताना माणसं गप्प बसतात का? हात चालू तसं तोंडही चालू, त्याशिवाय ओळी सरतात का?

तर इथे गप्पांना बंदी नाही. माझा आयडी 'चिवचिव'. सभासद सध्या मी, ताई आणि नवरा. ताईला विणता येत नाही आणि नवऱ्याला स्वेटर डोक्यातून घालायचा एवढंच ठाऊक आहे. पण सुरुवात आहे.

ही दैनंदिनी नवऱ्याच्या सांगण्यावरून. तो मला लाडाने 'दवंडी' म्हणतो. म्हणाला, दिसेल त्याला सगळं सांगत सुटतेस, त्यातलं थोडं कागदालाही सांग. बघू किती दिवस टिकतं.

९ नोव्हेंबर

कुणी फिरकत नाही. ताईने 'छान' असं लिहिलं, कशाला छान ते लिहिलं नाही.

दुकानात बसल्या बसल्या विचार केला. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरला असते. सकाळी दुकान रिकामं असलं की मालक आम्हालाच फ्रेमी लावून आरशासमोर उभं करतात, कारण रिकाम्या दुकानात शिरायला लोक बिचकतात. तसंच हे. आधी काहीतरी मांडलेलं दिसायला हवं.

मांडायचं काय, तेही सुचलं. लोकरघरात 'धीमी सुई' नावाच्या एक बाई आहेत. काय उत्तरं देतात! परवा एकीचा टाका सुटला म्हणून ती रडकुंडीला आली होती. ह्यांनी लिहिलं, 'घाबरू नका. सुटलेला टाका पळाला तरी फार लांब जात नाही. डोळे मिटा आणि विणीवरून अंगठा सावकाश फिरवा. एका जागी खड्डा लागेल. तिथे तो बसलाय.' मला टाका सुटलेला नसतानाही वाचून बरं वाटलं.

तर धीमी सुईंचे दहाबारा चांगले प्रतिसाद मी तिथून उचलले आणि इकडे चिकटवले. प्रश्न नाही घेतले. प्रश्न लांबलचक असतात, माझी नणंद, तिचा दीर, लोकर कुठून आणली, हेच सगळं. उत्तर तेवढं घेतलं, वर माझं छानसं शीर्षक दिलं आणि खाली लिहिलं, 'अनुभवी हातांकडून.' कुणाच्या हातांकडून ते नाही लिहिलं. लिहिलं असतं तर लोक थेट तिकडेच गेले असते.

२१ नोव्हेंबर

सुटली, गाडी सुटली! रोज नवे सभासद. येतात, उत्तर वाचतात, चार गप्पा मारतात, घरी गेल्यासारखं वाटतं म्हणतात. फोटो टाकतात. एकीने बाळाचं जाकीट टाकलं, एकाने (हो, बाप्ये पण आहेत) स्वतःसाठी विणलेला मफलर. आज एकीने लिहिलं, 'ताई, तुमच्यामुळे माझा टाका सापडला. तुमच्या हातात जादू आहे.' हात माझे नाहीत हे सांगायला हवं होतं. पण इतक्या प्रेमाने कोणी काही म्हटल्यावर मोडता कसा घालायचा? मी एक हसरा चेहरा टाकला.

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो भांडी विसळत होता. म्हणाला, त्या बाईंना विचारलंस का? मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, उघड्यावर लिहिलंय, रस्त्यावरच्या दिव्याखाली उभं राहायला कुणाची परवानगी लागते? म्हणाला, उभी राहिलीस तर नाही लागत, तू दिवा काढून आपल्या दारात आणून लावलायस. ह्या माणसाला दिवसभर एक शब्द सुचत नाही आणि भांडी घासताना बरोबर सुचतं.

२ डिसेंबर

लोकरघरात चक्कर मारली. (उत्तरं आणायला रोजच जाते, ते असो.) धीमी सुईंचा एक शिष्टपणा मात्र मला खटकतो. कुणी हौसेने फोटो टाकून 'कसा झालाय, सांगा ना' म्हटलं की ह्यांचं ठरलेलं, 'फोटोवर मी बोलत नाही. काय झालंय ते लिहून सांगा.' अगं बाई, एक फोटो बघायला काय जातंय? मोठी माणसं थोडी आढ्यताखोर असायचीच.

आज त्यांनी एका प्रतिसादाच्या शेवटी लिहिलं होतं, 'हल्ली परत येऊन कोणी सांगत नाही. जमलं की नाही जमलं, एवढं कळलं तरी पुरे असतं.' वाचून वाईट वाटलं. लोकांनाही काही रीतभात राहिली नाही. मग दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून उठले.

'चार सुया'वर आज दिवसभर आभारच आभार. ताईसुद्धा टोपी विणायला बसलीय.

११ डिसेंबर

आज एक हिरा हाती लागला. धीमी सुईंनी लोकरघरात लिहिलंय, 'गरम पाण्यात साबण घालून चोळा. लोकर आटते, घट्ट होते, मापाला येते. घाई करू नका, मधून मधून हात घालून बघत राहा.' मला तर हे माहीतच नव्हतं. आपल्याकडे निम्म्या लोकांचं रडगाणं हेच, की विणलेलं मोठं झालं. लगेच उचललं आणि शीर्षक दिलं, 'विणलेलं मोठं झालंय? असं आणा मापाला!' अर्ध्या तासात धो धो प्रतिसाद.

नवऱ्याने विचारलं, माझ्या स्वेटरची दुसरी बाही यंदा होणार का. म्हटलं, एवढी जगाची कामं पडलीयत, तुला बाहीची पडलीय.

१९ डिसेंबर

वाईट झालं.

'पहिलीच खेप' नावाची एक सभासद आहे, शांत मुलगी, फारसं बोलत नाही. गेल्या हिवाळ्यापासून ती वडिलांसाठी स्वेटर विणत होती. आयुष्यातला पहिला. चार वेळा उसवला, पाचव्यांदा पुरा झाला. वडिलांचा वाढदिवस पुढच्या आठवड्यात. स्वेटर खांद्यात जरा सैल झाला होता, जरासाच. तिने माझं 'असं आणा मापाला' वाचलं, बादलीत कढत पाणी घेतलं, साबण घातला आणि चोळला.

आज तिने फोटो टाकलाय. वर्षभराचा स्वेटर पाचसहा वर्षांच्या पोराला होईल एवढा उरलाय. आणि पुठ्ठ्यासारखा कडक. खाली लिहिलंय, 'जमिनीवर ठेवला तर उभा राहतो.' बाकी काही नाही.

मी धावत लोकरघरात जाऊन मूळ प्रश्न उघडला. आज पहिल्यांदा उघडला. विचारणारीला घरात घालायच्या जाड सपाता करायच्या होत्या. तिने मुद्दाम मापाच्या दीडपट मोठ्या विणल्या होत्या, आता पुढे काय, असा तिचा प्रश्न. म्हणजे ते उत्तर सपातांचं. मी ते जगातल्या सगळ्या स्वेटरांना लावून दिलं.

२० डिसेंबर

आणखी वाईट झालं. कुणीतरी पहिलीच खेपला सांगितलं की हे शब्द लोकरघरातल्या धीमी सुईंचे आहेत. ती तिकडे गेली आणि सगळ्यांसमोर त्यांना सुनावून आली. माणसाने माहीत नसेल तर बोलू नये, तुमच्यामुळे माझं वर्ष पाण्यात गेलं, वगैरे.

धीमी सुईंचं उत्तर इथे उतरवते, कारण ते डोक्यातून जात नाहीये:

'ह्या ताईंना मी ओळखत नाही. त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. मी सपातांचं सांगितलं होतं. पण शब्द माझेच आहेत, तेव्हा स्वेटर माझ्यामुळे गेला असंच म्हणावं लागेल. माझं बोलणं माझ्या माघारी कुठे कुठे जातंय हे मला कळणार नसेल, तर बोलणं थांबवलेलं बरं. सगळ्यांनी सांभाळून विणा.'

त्याखाली लोकरघरातल्या लोकांची रांग लागलीय. जाऊ नका, परत या, तुमच्याशिवाय आम्ही कुणाला विचारायचं. एका बाईंनी लिहिलंय की मी आजारातून उठले ती ह्यांच्या उत्तरांच्या जोरावर. आणि हेडमास्तरांनी शोधून काढलंय की त्यांच्याकडचे चाळीसेक प्रतिसाद 'चार सुया'वर नाव न सांगता लावलेले आहेत. चिवचिव कोण हे त्यांना बरोबर ठाऊक आहे. त्यांचं बोलणं चढ्या आवाजातलं नव्हतं, हेच जास्त लागलं. लिहिलं होतं, 'प्रतिसाद न्यायला आमची कधीच हरकत नव्हती. विचारून न्यावा, कुणाचा ते सांगावं, कुठून आणला तो दुवा द्यावा. आणि उत्तर न्यायचं तर प्रश्नासकट न्यावं. ते त्या प्रश्नाचं उत्तर असतं.'

दुकानात आज एका आजोबांना चुकीची चष्म्याची पेटी दिली. त्यांनी घरी जाऊन उघडली तर आत बाईमाणसाची गुलाबी फ्रेम. हसत परत आले. मला हसू आलं नाही.

२३ डिसेंबर

माफी मागितली. आधी पहिलीच खेपची, मग दोन्हीकडे चर्चेचा नवा, उघड धागा काढून सगळ्यांची. चारदा लिहिली. पहिल्या तीन खेपांना 'पण' हा शब्द येत होता. पण माझा हेतू, पण उघड्यावर होतं, पण लोकांचा फायदा झाला. नवरा पाठीमागे उभा राहून वाचत होता, नुसतं त्या शब्दावर बोट ठेवायचा. चौथ्यांदा तो शब्द काढला, तर माफी दोन ओळींत संपली.

काही सभासद 'चार सुया' सोडून गेले. बाकीचे म्हणाले, झालं ते झालं, असू दे. एक म्हणाली, म्हणजे हातात जादू तुमच्या नव्हती तर. म्हटलं, नव्हती गं, माझ्या हातात फक्त माउस होता.

धीमी सुईंना खासगी निरोप पाठवलाय. उत्तर नाही.

२८ डिसेंबर

अजून उत्तर नाही. लोकरघरात नवे प्रश्न येऊन पडलेत, सुटलेले टाके, वाकडे गळे, आणि खाली कोणी नाही. माझ्यामुळे. ही गोष्ट मला झोंबते आहे. विणकाम काय, पुस्तकातही मिळतं. पण 'तिथे तो बसलाय' असं सांगणारं माणूस कुठून आणायचं?

आज नवऱ्याशी बोलता बोलता उलगडा झाला. मी म्हणत होते, त्या म्हणतात कोणी परत येऊन सांगत नाही, आणि आमच्याकडे तर सांगणाऱ्यांची झुंबड. लोक सांगत होतेच की. माझ्याकडे येऊन सांगत होते. 'टाका सापडला', 'बाही बसली', 'बाळाला जाकीट झालं', हे सगळं त्यांचं होतं आणि मी ते दीड महिना घेऊन बसले, वर हसरे चेहरे टाकले.

नवरा म्हणाला, "शेजाऱ्याचं पार्सल आपल्याकडे आलं तर आपण काय करतो?"

नेऊन देतो.

३० डिसेंबर

दोन दिवस हेच काम. ज्यांनी ज्यांनी माझे आभार मानले होते त्या प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवला, की हे खरं धीमी सुईंचं आहे, तुमचा फोटो आणि तुमचं वाक्य त्यांच्यापर्यंत नेऊ का? ह्या वेळी विचारून. बहुतेकांनी आनंदाने हो म्हटलं. एकीने नको सांगितलं, फोटोत तिच्या घरचं माणूस आहे. नाही घेतला. मफलरवाल्याने विचारलं, थोडं पोट आत घेऊन दुसरा फोटो काढला तर चालेल का. म्हटलं, काढा बापडे.

हेडमास्तरांची परवानगीही काढली. त्यांनी 'चालेल' एवढंच लिहिलं, पण लिहिलं.

मग लोकरघरात धागा उघडला आणि एकामागोमाग एक सगळे फोटो लावले. जाकिटं, टोप्या, मफलर, मोजे. खाली नुसतं 'धीमी सुईंना, आभार.' फोटोच एवढे बोलके होते, शब्दांची गरजच काय, असं मला वाटलं. मला, म्हणजे बघा.

२ जानेवारी

फोटो लावून तीन दिवस झाले. धीमी सुई गप्प. आज राहवलं नाही. त्यांना पुन्हा लिहिलं. नेहमीसारखं जास्तच लिहिलं. तुम्ही फोटोंवर कधीच का बोलत नाही, एवढा काय राग आहे, लोकांनी किती हौसेने दिलेत. पाठवल्यावर वाटलं, उगीच विचारलं.

३ जानेवारी

उत्तर आलं.

त्यात काय आहे ते लिहीत नाही. शेवटी त्यांनी म्हटलंय, 'हे मी तिथे कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.' कुणाला म्हणजे कुणालाच. मग कागदालाही नाही.

नवऱ्याने विचारलं, काय झालं, डोळे का लाल? म्हटलं, कांदा चिरला. तो म्हणाला, कांदा मी चिरलाय.

४ जानेवारी

दुकानात डोळे तपासणाऱ्या मॅडमना सहज विचारावं तसं विचारलं, की मोबाइल वाचून दाखवतो म्हणतात, तो सगळंच वाचतो का. त्या म्हणाल्या, अक्षरं वाचतो. का, कुणासाठी हवंय? जिभेवर आलं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांपाशी बसणारी मी, मला एवढ्या महिन्यांत एकदाही शंका येऊ नये? म्हटलं, अशीच आपली माहिती. मॅडम चक्रावून बघत राहिल्या. माझ्याकडून एवढं छोटं उत्तर त्यांना माहीत नाही.

६ जानेवारी

कामाला लागलेय. लोकरघरातल्या माझ्या धाग्यात प्रत्येक फोटोखाली लिहायला घेतलंय. सगळं. जे जे दिसतंय ते.

पहिलं जाकीट: 'बाळ गुबगुबीत, पालथं पडलंय, मान वर. जाकीट फिकट हिरवं, कैरी मुरली की होते तसं. काठाला उलट-सुलट टाके, सात ओळी सरळ आणि आठवीत थोडी गडबड, एक टाका फुगून वर आलाय, पण बाळाचा हात तिथेच येतो म्हणून जवळजवळ झाकली गेलीय. डाव्या बाहीचं टोक बाळ चोखतंय.'

मफलर: 'राखाडी, रुंदीला वीतभर, मधे एका जागी थोडा निमुळता झालाय, बहुधा तिथे टाके कमी झाले आणि पुढे सापडले. गृहस्थ उभे आहेत, श्वास रोखून.'

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी थांबवत नव्हतं. रोज जेवणाआधी दोनतीन फोटो. फोटोवाल्याला आधी पाठवते, हे असं लिहिलं तर चालेल ना, म्हणून. चालेल म्हटलं की लावते.

१० जानेवारी

जे व्हायचं ते झालं. हेडमास्तरांचा निरोप, की प्रत्येक फोटोत जे उघड दिसतंय तेच पुन्हा पानभर लिहिण्याचं प्रयोजन काय, हे अवांतर आहे, दोन दिवसांत काढतो.

एक वाक्य लिहिलं असतं तर ते वरमले असते. लिहिलं नाही. 'माझी विनंती आहे, राहू द्या. कारण सांगता येत नाही,' एवढंच लिहिलं. त्यांनी उलट लिहिलं की कारण नसेल तर नियम आहे. लोकरघरातल्या दोघातिघांनी टिंगलही केली, की चिवचिवला कोंबडा आरवला तरी लिहायचं असतं. ताईचा फोन आला, तिने तिथली टिंगल वाचली होती, म्हणाली, तू काही उत्तर का देत नाहीस, तब्येत बरी आहे ना?

नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही. रात्रीच्या जेवणात माझ्या आवडीची भाजी होती.

१२ जानेवारी

सकाळी दुकानात जायच्या आधी धागा उघडला, म्हटलं उडालेला दिसणार. तर खाली नवा प्रतिसाद. धीमी सुई.

'हे अवांतर नाही. हे लिखाण माझ्यासाठी आहे, ते राहू द्यावं. चिवचिव ताई, हिरव्या जाकिटाच्या आठव्या ओळीतली गडबड मला कळली. तिथे सुलटच्या जागी उलट पडलाय. उसवू नका, सुईने मागून उलटवता येतो. मफलरवाल्या गृहस्थांना श्वास सोडायला सांगा.'

जीव भांड्यात पडला. रिक्षात बसून रडले, रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि आवाज बंद केला त्याच्या गाण्यांचा.

हेडमास्तरांनी 'ठीक' लिहिलं. आणि खाली, मिनिटभराने, 'चांगलं लिहिता.' हे दोन शब्द मी ताईला वाचून दाखवले. एवढं तर चालतंय ना.

१५ जानेवारी

धीमी सुईंनी परवा आपण होऊन पहिलीच खेपला विचारलं, की स्वेटर अजून आहे का, हाताला कसा लागतो ते लिहून सांगा. ती बिचारी आधीच लाजलेली. पण तिने लिहिलं, जाड, दाट, टाके दिसेनासे झालेत, वाकवला तर चटकन सरळ होतो.

ह्यांनी लिहिलं, 'मग तो वाया गेलेला नाही. अशी आटलेली लोकर कात्रीने कापली तरी उसवत नाही. पाठीच्या भागातून वडिलांच्या पायाच्या मापाचे दोन तळवे कापा, पुढच्या भागातून वरचे दोन तुकडे. कडेने जाड दोऱ्याने शिवून टाका.'

वर्षभर विणलेल्यावर कात्री चालवायची म्हणजे काळीज हवं. पहिलीच खेपने आज लिहिलं, की पहिला काप वडिलांनीच दिला. वाढदिवस होऊन गेला, पण सपाता मिळाल्या. वडील अंथरुणातसुद्धा काढत नाहीत म्हणे.

हे 'चार सुया'वर न्यायचं होतं. दोघींना विचारलं, दोघी हो म्हणाल्या. नावासकट नेलं, दुव्यासकट नेलं, आधी प्रश्न मग उत्तर. फार लांबलं. सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

२० जानेवारी

आता धीमी सुई पुन्हा रोज लिहितात. सुटलेले टाके, वाकडे गळे. आणि ज्यांचं जमलं ते परत येऊन सांगतात, फोटो लावतात आणि खाली दोन ओळी स्वतःच लिहितात. का लिहायच्या ते कोणी विचारत नाही, लोकरघरातली पद्धतच पडून गेलीय. काहींना दोनच ओळी सुचतात. तिथे मी आहे.

आज सकाळी धीमी सुईंना विचारलं, की मी दैनंदिनी लिहिते, तुमचा तो तीन तारखेचा निरोप त्यात उतरवू का. दैनंदिनी कपाटात असते, नवराही वाचत नाही. दुपारी त्यांचं उत्तर आलं, 'उतरवा. पण प्रश्नासकट.'

म्हणून उतरवते.

माझा प्रश्न होता: 'तुम्ही फोटोंवर कधीच का बोलत नाही? एवढा काय राग आहे?'

त्यांचं उत्तर: 'राग कसला? माझी नजर जाऊन बरीच वर्षं झाली. मोबाइल मला वाचून दाखवतो. पण फोटो आला की तो "चित्र" एवढंच म्हणतो. तुमचा धागा लावला आणि तो चित्र, चित्र, चित्र म्हणत राहिला. मी शेवटपर्यंत ऐकला. बऱ्याच जणांचं जमलेलं दिसतंय. तुमचं मन मोडायला नको म्हणून सांगते आहे. एकदा कळलं की लोक विणीचं विचारायचं सोडून माझ्या डोळ्यांचं विचारतात, म्हणून हे मी तिथे कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.'

एवढं लिहून दैनंदिनी मिटत होते, तेवढ्यात त्यांचा आणखी एक निरोप. हिरव्या जाकिटाबद्दल. मी एवढं पानभर लिहिलं आणि मुख्य गोष्ट राहून गेली होती. मी बाळाच्या आईला विचारून घेतलं, आईने उठून जाकीट उजेडात नेऊन बघितलं, मग मी त्यांना कळवलं. हेही विचारूनच उतरवते आहे, आणि ह्या वेळी प्रश्न त्यांचा आहे.

त्यांचा प्रश्न: 'बटणं कुठल्या रंगाची?'

माझं उत्तर: 'पिवळी. गडद पिवळी.'

थोड्या वेळाने त्यांनी लिहिलं, 'पिवळा मला आठवतो.'